आजीच्या पदार्थाचं मूळ शोधायचंय? मग या क्रमाने जा

‘सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं’ हा मजकूर वर्षातून दोनदा तरी कोणी ना कोणी मला पाठवतं. मी उलट विचारते, कागद कुठला? उत्तरादाखल दोन जोडलेले हात येतात आणि विषय तिथेच संपतो.

पदार्थाचा उगम शोधायला निघालेली बहुतेक मंडळी याच टोकाकडून सुरुवात करतात. आधी गोष्ट आवडते, मग तिला साजेसे दाखले गोळा होतात, आणि जिच्या हातचं आपण खातो तिला विचारायचं राहून जातं. तोवर तिने ऐंशी ओलांडलेली असते. म्हणून आधी माणूस, मग वही, मग जिन्नस, मग शब्द, मग ग्रंथ, आणि दंतकथा सगळ्यात शेवटी. खाली हुलग्याच्या शेंगोळ्यांचं, म्हणजे कुळथाच्या पिठाचे वळून रश्शात शिजवलेल्या तुकड्यांचं, उदाहरण वारंवार येईल, कारण त्यांच्याच बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडले आहे.

## टप्पा १: विषय लहान करा, वही आखा

‘महाराष्ट्रातल्या पुरणपोळीचा इतिहास’ असा विषय घेतलात तर महिन्याभरात वही माळ्यावर जाईल. एक पदार्थ आणि एक घर घ्या. ‘आमच्याकडे पावसाळ्यात होणारे शेंगोळे’ एवढं पुरे. त्यातूनच पुढे दहा वाटा फुटतात.

वहीची चार पानं चार मथळ्यांना द्या: नाव, जिन्नस, कृती, प्रसंग. या चौघांची वयं सहसा वेगवेगळी असतात. नाव आठशे वर्षांचं, मुख्य धान्य तीन हजार वर्षांचं, तिखट चारेकशे वर्षांचं आणि करायची पद्धत गॅस घरात आल्यानंतरची, असंही होतं. ‘हा पदार्थ किती जुना’ हा प्रश्न त्यामुळे फसवा. चारही गोष्टींचं वय वेगवेगळं विचारायचं.

सोबत लागेल ते: ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, फोनमधलं रेकॉर्डिंग, मोजपट्टी (भांड्यांसाठी) आणि घरातली जुनी वाटी. बाजारातली नवी मापं नेऊ नका, त्यांनी समोरची व्यक्ती बिचकते.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी विचारा आणि ती आवाजातच नोंदवा. पुढे कुठे छापायचं ठरलं तर पुन्हा विचारावं लागतं, हेही त्यांना सांगून ठेवा.

तपासा: पदार्थ कोणाच्या घरचा, सध्या कोण करतं, शेवटचा कधी झाला, या तिन्हींची उत्तरं पहिल्या पानावर आहेत का? नसतील तर विषय अजून मोठाच आहे.

## टप्पा २: कृती ऐकू नका, बघा

फोनवर कृती विचारून लिहून घेणं ही सर्वात जास्त होणारी चूक. सांगणारी व्यक्ती तिला महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगते. रोजचं, हातवळणी पडलेलं ते सगळं गाळते.

माझ्या थोरल्या आत्याने मला शेंगोळे फोनवर सांगितले ते असे: हुलग्याचं पीठ, लसूण-जिऱ्याचं वाटण, तिखट, मीठ, घट्ट मळायचं, वळायचं, फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. लिहून घेतलं, केलं, आणि पातेल्यात पाणी वेगळं नि शेंगोळे वेगळे. मग तिच्याकडे जाऊन बसले. पीठ मळून झाल्यावर तिने लिंबाएवढा गोळा बाजूला काढला, परातीला चिकटलेलं सगळं त्याच्यासकट पाण्यात कालवलं आणि ते पाणी शेवटी पातेल्यात ओतलं. रसा त्याने दाट झाला. “हे तू सांगितलं नव्हतंस, आत्या,” म्हटलं. तर म्हणाली, “त्यात सांगायचं काय? परात काय तशीच धुवायची?”

आता मापाचं. “पाणी किती?” याला “पीठ मागेल तेवढं” हेच उत्तर येणार. वाद घालू नका. पिठाचा डबा त्यांनी हात घालण्याआधी काट्यावर ठेवा, नंतर पुन्हा ठेवा. फरक म्हणजे त्यांची मूठ. पाण्याच्या तांब्याचंही तेच, मिठाच्या बरणीचंही. हाताला अडवायचं नाही, डबे तेवढे मोजायचे. तीन वेळा मोजलंत की त्या ‘अंदाजा’चं खरं माप कळतं, आणि ते किती नेमकं असतं ते पाहून चकित व्हाल.

भांडी लिहून ठेवा: बीड (ओतीव लोखंड), पितळ, माती, जर्मन (अॅल्युमिनियम), खोली किती, झाकण होतं का. खापरावरचे मांडे तव्यावर केले तर पदार्थ बदलतो, आणि पुढे दुसऱ्या गावच्या मांड्यांशी तुलना करताना हीच नोंद कामी येते. वळताना बोटं कशी फिरतात त्याचा व्हिडिओ घ्या. शब्दांत ते उतरत नाही.

इशारा: बघताना ‘हे असं का करता?’ असं सारखं विचारू नका. विचारलं की माणूस कारण तयार करतो, आणि ते कारण मग ‘परंपरा’ म्हणून वहीत शिरतं. आधी पूर्ण होऊ द्या, प्रश्न जेवणानंतर.

## टप्पा ३: बोलतं करा, पण उत्तर तोंडात घालू नका

‘हा पदार्थ पूर्वीपासून होतो ना?’ या प्रश्नाला ‘हो’शिवाय उत्तर नाही. त्यापेक्षा असं विचारा:

- पहिल्यांदा खाल्लेला आठवतो? कुठल्या घरात, कोणी केला होता?
- कधी करायचे, आणि कधी अजिबात करायचे नाहीत?
- पीठ कुठून यायचं? शेतातलं, बलुत्यातलं की दुकानातलं?
- पाहुणे आले तर हा वाढायचे की लपवायचे?
- घरात कोणाला मिळायचा नाही?

शेवटचे दोन प्रश्न विचारायला अवघड जातात, आणि सगळ्यात जास्त माहितीही तेच देतात. गहू हे आपल्याकडे बहुतेक घरांत सणावाराचं धान्य होतं. रोजची ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा तांदूळ, जसा मुलूख तसं. त्यामुळे आज ज्याला आपण ‘पारंपरिक’ म्हणून ताट सजवतो ते वर्षातून दोनदा होणारं खाणं असायचं, आणि ज्यावर घर जगलं ते सांगायला लोक संकोचतात.

सालं कोणाला आठवत नाहीत, म्हणून खुंट्या वापरा. पानशेत फुटलं (१९६१) तेव्हा हे करत होता का? कोयनेचा भूकंप (१९६७)? ७२ चा दुष्काळ? मराठवाड्यात असाल तर किल्लारी (१९९३). दुष्काळाची खुंटी सगळ्यात पक्की, कारण ती थेट पोटाशी जोडलेली आहे. लाल मिलोची (तेव्हा रेशनवर मिळालेल्या ज्वारीसारख्या धान्याची) भाकरी कशी लागायची, दुष्काळी कामावर सुकडी (कोरडा गोडसर खाऊ) कधी मिळायची, हे त्या पिढीला तारखेशिवाय पण अचूक आठवतं. “मिलो खायचो तेव्हा शेंगोळे नव्हते, हुलगेच नव्हते पिकले” असं एक वाक्य मिळालं की एक साल पक्कं झालं.

नेहमीची चूक: एकाच व्यक्तीवर थांबणं. त्याच घरातल्या दुसऱ्या जावेला, आणि जमल्यास घरी कामाला येणाऱ्या मावशींना वेगळं बसून विचारा. सगळ्यांना एकत्र बसवलंत तर सर्वांत मोठ्या आवाजाची आठवण सगळ्यांची होते.

## टप्पा ४: गावाचा शोध माहेराकडून घ्या

इथे मी आपटले. आमचं गाव मावळातलं. कुटुंबाच्या स्नेहसंमेलनाची छोटी पुस्तिका काढली, तिच्यात मी शेंगोळ्यांवर पानभर लिहिलं: ‘मावळातल्या आमच्या पूर्वजांचा पारंपरिक पदार्थ’. छापून वाटून झाली. आत्याने चष्मा लावून ते पान वाचलं आणि म्हणाली, “अगं, मावळात कोण करतंय शेंगोळे? आपल्याकडे भात. हुलगे बैलांना भरडून घालायचे. हे आईच्या माहेरचं, पारनेरकडचं.”

आपण आडनावाच्या मागे गावाला जातो, आणि आडनाव वडिलांकडून येतं. चूल मात्र ज्या बाईच्या हातात होती ती दुसऱ्या गावातून लग्न होऊन आलेली असते. म्हणून कुलवृत्तांत बाजूला ठेवा आणि वेगळी वंशावळ काढा: करणारी, तिला शिकवणारी, त्या शिकवणारीचं माहेर, तिच्या आईचं माहेर. प्रत्येक नावापुढे गाव, आणि त्या गावात तेव्हा मुख्य पीक काय होतं ते. चार पिढ्या मागे गेलात की नकाशावर एक वेडीवाकडी रेघ उमटते. सासूने शिकवलं असेल तर रेघ पुन्हा वळते, ते वेगळ्या रंगात दाखवा.

कधी वाट लग्नाची नसतेच. बदलीची नोकरी, गिरणगावातली खानावळ, शेजारीण, वसतिगृहाचा आचारी. घरातली एखादी भाजी ‘आजीची’ म्हणून चालत असते आणि ती निघते हुबळीच्या रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारणीची. लाजायचं कारण नाही, तेच लिहा.

तपासा: रेघेवरच्या प्रत्येक गावात तो मुख्य जिन्नस पिकत होता किंवा बाजारात मिळत होता का? नसेल तर त्या ठिकाणी प्रश्नचिन्ह ठेवा.

## टप्पा ५: पाककृतींच्या वहीचं वय काढा

घरात जुनी वही असेल तर तिच्यावर ‘आजीची वही, साधारण शंभर वर्षं’ असं लिहून मोकळं होऊ नका. वही स्वतःच तारखा सांगते.

‘करावें’, ‘घालावें’, ‘पुरणाचें’ असे अनुस्वार दिसले तर लिहिणारीचं शिक्षण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं. वही मात्र नंतरची असू शकते. एकदा लागलेली सवय सुटत नाही. मागच्या पानावर किराण्याचा हिशेब आणे-पैमध्ये असेल तर तो बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४ मधला, आणि ही सात वर्षांची खिडकी फार उपयोगी पडते. डालडाचा उल्लेख असेल तर १९३७ नंतरच. कुकरच्या शिट्ट्या मोजलेल्या असतील तर साधारण १९६० नंतर. अक्षर तेच पण शाई वेगळी असेल, तर ती ओळ नंतर भरलेली आहे. तिची तारीख वेगळी काढायची.

मापांकडे जपून बघा. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हे कोष्टक पाठ असलेले लोक अजून भेटतात. पण शेर मापाचाही असायचा आणि वजनाचाही, आणि पायली मुलखागणिक बदलायची. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. गावाकडे पायली त्यानंतरही बराच काळ टिकली. त्यामुळे ‘शेर’ दिसला म्हणून वही स्वातंत्र्यापूर्वीची ठरत नाही.

इशारा: शेराचे ग्रॅम इंटरनेटवर बघून लिहू नका. घरात जुनं मापटं असेल तर त्यात तेच पीठ शिगोशीग भरून काट्यावर ठेवा. नसेल तर मूळ शब्दच वहीत राहू द्या.

## टप्पा ६: जिन्नस एकेक करून चाळा

आता प्रत्येक जिन्नस वेगळा काढा आणि तो मूळचा कुठला ते लिहा. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, रताळं, काजू, पेरू, पपई, अननस, सीताफळ आणि राजगिरा या सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडात आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. ही पिकं आपल्याकडे आली ती त्यानंतर, आणि सगळी एकदम नव्हे. मिरची झपाट्याने पसरली. बटाटा आणि टोमॅटो सर्वसामान्य चुलीपर्यंत पोचायला फार वेळ लागला. ‘बटाटा’, ‘पाव’, ‘कोबी’, ‘काजू’, ‘अननस’ हे शब्द पोर्तुगिजांच्याच तोंडून आलेले.

एकादशीचं ताट या चाळणीतून काढून बघा. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची, रताळं, राजगिरा: सगळं समुद्रापलीकडचं. आपली म्हणावी अशी वरई तेवढी उरते. साबुदाण्यात तर आणखी गोम आहे. मुळात तो सागोच्या झाडाच्या गाभ्यापासून बनून आग्नेय आशियातून यायचा. आज आपण खातो तो कसावा नावाच्या कंदाचा, आणि सेलमकडचा त्याचा मोठा उद्योग उभा राहिला दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. नाव तेच राहिलं, वस्तू बदलली.

ही माहिती मिळाली की लोक दुसऱ्या टोकाला जातात: ‘म्हणजे हा पदार्थ आपला नाहीच!’ तसं नाही. मिरची येण्याआधीही माणसं तिखट खात होती, मिरी, पिंपळी आणि आल्याचं. जुन्या पदार्थात नवा जिन्नस शिरू शकतो. म्हणून प्रत्येक जिन्नसापुढे एक प्रश्न लिहा: हा काढला तर पदार्थ उरतो का? शेंगोळ्यांतलं तिखट काढून मिरी घातली तरी शेंगोळेच राहतात, आणि हुलगा तर दख्खनच्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांतही सापडलेला आहे. बटाटेवड्यातला बटाटा काढला तर मात्र काही उरत नाही. वडापावात बटाटा, मिरची आणि पाव तिन्ही तसेच, त्यामुळे त्याचं वय मोजताना मागे जायची एक मर्यादा आपोआप ठरते.

नेहमीची चूक: धान्य जुनं म्हणून पदार्थ जुना. उत्खननात हुलगे मिळाले म्हणजे शेंगोळे मिळाले असं होत नाही. कोणी ते उकडून खाल्ले असतील, कोणी जनावरांना घातले असतील.

## टप्पा ७: नावाचा माग काढा

आधी त्या पदार्थाची आणि मुख्य जिन्नसाची सगळी नावं गोळा करा. घाटावर हुलगा, कोकणात कुळीथ, संस्कृत ग्रंथांत कुलत्थ. नुसतं ‘हुलगा’ शोधाल तर अर्धी माहिती निसटेल.

मग कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३० च्या दशकातला. आणि यादवकालीन मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश. तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. शब्द सापडला तर अर्थ पूर्ण वाचा, आणि शेजारच्या नोंदीही. जुनं लेखन वेगळं असतं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि ब-भ बदलून पुन्हा शोधा. मोल्सवर्थमध्ये शब्द नाही म्हणजे १८५७ मध्ये पदार्थ नव्हता असा अर्थ काढू नका. कोशकाराच्या कानावर आला नसेल, एवढंच.

नावाचा सापळा समजून घ्यायला सांबारच पुरे. नागपूरच्या भाजीबाजारात ‘सांबार द्या’ म्हटलं की कोथिंबिरीची जुडी हातात येते, आणि सांबारवडी म्हणजे तिचं सारण भरलेली वडी. दक्षिणेत सांबार म्हणजे डाळीचा पदार्थ. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेली सामग्री. एवढे अर्थ समोर असताना थेट एका राजाच्या नावावर उडी मारायचं कारण काय?

उलटही होतं: शब्द जुना, पदार्थ दुसराच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ‘इडरिका’ आहे. ती उडदाची, तीत तांदूळ नाही. आजच्या इडलीचं नाव तिथे पोचतं, वाटण पोचत नाही. त्याच ग्रंथात ‘मंडक’ आहे. मांडे म्हणजे तेच का? पण कुठले मांडे? खान्देशातले खापरावरचे, पुरण भरलेले, मऊ. की बेळगावचे कुरकुरीत, साखरेचे? टप्पा २ मध्ये लिहिलेली भांडी आणि कृती आता काढा.

तपासा: नाव, मुख्य जिन्नस आणि कृती या तिन्हींपैकी निदान दोन जुळल्याशिवाय जुन्या उल्लेखाला ‘हाच पदार्थ’ म्हणू नका.

## टप्पा ८: ग्रंथ आणि दप्तरं

इथवरचं काम केल्याशिवाय ग्रंथालयात जाऊ नका. काय शोधायचं ते ठाऊक नसलं की जे सापडेल ते आपलं वाटायला लागतं.

मराठीसाठी सोयीचा क्रम अलीकडून मागे जाणारा आहे. छापील पाकपुस्तकांत लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं, आणि त्याआधी रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. मग मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियर्स: नगरचं १८८४, पुण्याचं १८८५. त्यांत पिकांचं प्रकरण आणि लोकांच्या राहणीचं प्रकरण दोन्ही वाचा; कुठल्या जातीचं रोजचं आणि सणाचं जेवण काय, अशा नोंदी तिथे मिळतात. लिहिणारे साहेबी चष्म्याचे होते, आणि ‘अमुक लोक तमुक खातात’ असं सरसकट विधान एखाद्या कारकुनाला मिळालेल्या उत्तरावरही बेतलेलं असू शकतं.

त्यामागे पेशवे दप्तर. गो. स. सरदेसाई यांनी निवडून काढलेले ४५ खंड १९३० ते १९३४ मध्ये छापले गेले, ते आधी चाळा; मूळ कागदांना मोडी लागते. मुदपाकखाना, शिधा, कोठी हे शब्द पकडून वाचा. कागदावरची सनं बदलून घ्यायला विसरू नका: शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांवर दिसणारा अरबी सन) ५९९ किंवा ६००. इथे एका वर्षाची चूक सर्रास होते.

अजून मागे गेलात तर सतराव्या शतकातलं ‘भोजनकुतूहल’, तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’, आणि वर आलेला ‘मानसोल्लास’. यांपैकी ‘लीळाचरित्रा’वर माझा जीव आहे, कारण तिथे गावातलं, भिक्षेतलं, साधं खाणं भेटतं. ‘मानसोल्लास’ राजाच्या ताटाचा आहे. राजाच्या ताटात जे होतं ते रयतेच्या ताटात होतं असं लिहिणं ही हमखास होणारी चूक.

आणि जे कुठेच लिहिलेलं नाही त्याचं काय? लिहिणारे कोण होते ते बघा. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती असे मराठवाड्यातल्या दलित घरांतले पदार्थ शंभर वर्षांच्या पाकपुस्तकांत जवळजवळ दिसत नाहीत. या खाण्यावरचं शाहू पाटोळे यांचं पुस्तक ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं २०१५ मध्ये. तुमचा पदार्थ कोरडवाहू गावातला, गरिबाघरचा असेल तर कागद न मिळणं हेच अपेक्षित आहे. तिथे टप्पा ३ आणि ४ मधल्या नोंदी हाच तुमचा मुख्य पुरावा.

## टप्पा ९: आता दंतकथा काढा, आणि जीआयचं प्रमाणपत्रही

दंतकथेला दोनच प्रश्न. ती पहिल्यांदा कधी लिहिली गेली? आणि तीतल्या माणसांच्या तारखा जुळतात का? सांबाराच्या गोष्टीत संभाजी महाराज तंजावरला पाहुणे जातात आणि तिथले शहाजीराजे (शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत, पुतणे) त्यांना हा पदार्थ वाढतात. त्यांची कारकीर्द १६८४ ते १७१२, आणि संभाजी महाराजांची हत्या १६८९ ची. म्हणजे तारखा जुळतात. पण तारखा जुळणं म्हणजे घडणं नव्हे, आणि त्या मजकुरासोबत तंजावरच्या समकालीन कागदाचा हवाला कधीच येत नाही.

म्हणून गोष्ट फेकून द्यायची नाही, तिचं पान बदलायचं. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही कथा तेराव्या शतकातल्या स्वयंपाकाचा पुरावा म्हणून चालणार नाही. ती सांगणाऱ्यांना मांडे माहीत होते, आणि ते करायला खापर लागतं, ते मिळालं नाही तर खोळंबा होतो, एवढं मात्र ती सांगते. ते ‘प्रसंग’ या पानावर जाईल.

भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे जीआयचा, गैरसमजही इथेच मिटवा. तो कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. एखाद्या मालाचा दर्जा किंवा लौकिक विशिष्ट प्रदेशाशी जोडलेला आहे एवढं त्यातून ठरतं. पदार्थ पहिल्यांदा कुठे झाला याचा निवाडा त्यात नसतो. बंगालच्या रसगुल्ल्याला २०१७ मध्ये नोंदणी मिळाली आणि ओडिशाच्या रसगोळ्याला २०१९ मध्ये. अर्जातला इतिहासाचा भाग वाचा जरूर; तो अर्जदाराचा दावा असतो, त्यातले संदर्भ स्वतः उघडून बघावे लागतात.

## टप्पा १०: लिहिताना तीन रंग

प्रत्येक वाक्याला रंग द्या: पाहिलेलं किंवा कागदावरचं निळं, ऐकलेलं हिरवं, स्वतःचा अंदाज लाल. लिहून झाल्यावर पान लांब धरून बघा. लाल जास्त दिसलं तर लेख अजून तयार नाही. छापताना रंग जातात, म्हणून शब्दांतही भेद ठेवा: ‘नोंद आहे’, ‘अमुक सांगतात’, ‘असावं’. ‘प्राचीन काळापासून’, ‘पूर्वापार’ हे शब्द दिसले की खोडा आणि तिथे साल किंवा पिढी घाला.

माझी शेंगोळ्यांची नोंद सध्या अशी आहे:

*नाव:* शेंगोळे, आत्या ‘शेंगुळे’ही म्हणते. शेंगेसारखा आकार म्हणून नाव, असं ती सांगते. कोशातून ताडून झालेलं नाही.
*जिन्नस:* हुलग्याचं पीठ ३१० ग्रॅम (तीन वेळच्या मोजणीची सरासरी), लसूण, जिरं, लाल तिखट, हळद, मीठ. मिरची सोळाव्या शतकानंतरची; तिच्याशिवाय पदार्थ उरतो.
*कृती:* पाटावर हाताने वळून, फोडणीच्या पाण्यात शिजवून. परातीतलं पीठ कालवून रसा दाट करणं, पाहिलेलं.
*प्रसंग:* पावसाची झड लागली की, रात्री. पाहुण्यांना वाढत नसत. ७२ साली झाले नाहीत.
*वाट:* आत्या, तिची आई (माहेर पारनेरकडे), तिची आई (माहेर माहीत नाही). मावळाशी संबंध फक्त लग्नाने.

पुस्तिकेतलं चुकलेलं पान मी काढून टाकलेलं नाही. त्यावर आडवी रेघ मारून खाली आत्याचं वाक्य आणि तारीख लिहिली. तुमचीही नोंद बदलेल तेव्हा जुनी खोडून पुसू नका. खाली नवी लिहा आणि ती कोणी बदलायला लावली ते नावानिशी ठेवा. मला आता आजीच्या आईचं माहेर शोधायचं आहे. पारनेरला आजीची एक चुलत बहीण आहे म्हणतात, तिला भेटायला पावसाळ्याच्या आत जायला हवं.